आगोटीआधी प्लग काढा: किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचे स्पार्क प्लग निवडताना आणि बदलताना

कोकणातल्या जुन्या पेट्रोल गाडीचे प्लग किलोमीटर बघून काढू नयेत, पाऊस बघून काढावेत. पुस्तक सांगतं, दहा हजार किलोमीटरला तपासा, पंधरा-वीस हजारांच्या आत बदला. रोज पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या शहरातल्या गाडीला हा हिशोब ठीक आहे. इथली गाडी बाजार, स्टेशन, दवाखाना, एखादं लग्न एवढंच फिरते आणि बाकीचा वेळ माडाखाली नाहीतर पडवीला लागून उभी असते. वर्षाला चार हजार किलोमीटर धरले तर चार-पाच वर्षं तिचे प्लग बदलायचं कारणच पडत नाही. मग एक दिवस पाना लावला तर प्लग हलत नाही, आणि जोर केला की हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, आटे घेऊनच बाहेर येतो. एवढ्याशा स्वस्त वस्तूपायी हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायची पाळी येते.

कारण सरळ आहे. प्लगचं अंग पोलादी, इंजिनचं हेड बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले आणि मध्ये खारी ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी धरतं आणि आटे जाम होतात. घरातून समुद्र दिसत नसला तरी खारा वारा बोनेटखाली पोचतोच. म्हणून माझा आग्रह आहे की वर्षातून दोनदा प्लग बाहेर यायलाच हवेत. एकदा आगोटीच्या तयारीत, मिरच्या-मसाले डब्यांत भरायच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. दर वेळी बदलायचेच असं नाही. काढायचे, बघायचे, पुसायचे, परत बसवायचे. निवांत केलं तरी सकाळच्या एका बैठकीचं काम आहे, आणि पहिल्यांदाच हात घालणारा माणूसही ते घरच्या खळ्यात करू शकतो.

आधी आपली गाडी ओळखा

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. तिच्यात असतो तो हीटर प्लग, आणि त्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे डिझेल सुमो किंवा बोलेरोवाल्यांचं इथे काम नाही.

पेट्रोल गाडीत जितके सिलिंडर तितके प्लग, असं जुन्या गाड्यांपुरतं धरून चाला. 1983 साली आलेल्या आणि 2014 मध्ये बंद झालेल्या मारुती 800 मध्ये तीन सिलिंडरांचं 796 सीसीचं इंजिन असतं, म्हणजे तीन प्लग. तेच इंजिन ओम्नीत, फक्त तिथे ते पुढच्या सीटखाली असतं. बोनेट शोधत बसू नका, सीट उचला. झेन, एस्टीम, पहिली सँट्रो, प्रीमियर पद्मिनी या चार सिलिंडरांच्या गाड्या, त्यांना चार प्लग.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे करंट कुठून येतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलमधून एक जाड वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते आणि तिथून प्रत्येक प्लगला एकेक वायर निघते. या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून ‘डेल्को’ म्हणतात. दुकानात हा शब्द कानावर पडला तर गोंधळू नका. नंतरच्या काही एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकुमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत डेल्को नसतो, वायरी थेट कॉइलवरून निघतात. गाडी कुठल्याही प्रकारची असो, जाड वायर जिथे हेडमध्ये शिरते तिथे प्लग असतो.

कुठला प्लग घ्यायचा

सगळ्यात खात्रीचा सल्ला देतं ते गाडीचं पुस्तक. ते हरवलं असेल तर बोनेटखालचं स्टिकर बघा, तेही पुसलं असेल तर प्लग कंपनीच्या यादीत गाडीचं मॉडेल आणि साल शोधा. सध्या बसवलेला प्लग काढून ‘असाच द्या’ म्हणणं हा शेवटचा उपाय, कारण आधीच्या मालकाने काय बसवलं असेल त्याची खात्री नसते. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत तीन प्लग तीन कंपन्यांचे सापडू शकतात.

प्लगच्या अंगावरचा नंबर वाचायला शिका, मग दुकानात कुणी तुम्हाला काहीही खपवू शकणार नाही. एनजीकेचा एक खूप चालणारा प्लग घेऊ: बीपीआर6ईएस. यातला बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे. पी म्हणजे चिनी मातीचं टोक थोडं पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. 6 हा उष्णतेचा नंबर. ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर. शेवटचा एस म्हणजे साधी, तांब्याच्या गाभ्याची रचना. पुढे 11 लिहिलं असेल तर कारखान्यातून फट, म्हणजे टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, 1.1 मिलिमीटर ठेवलेली आहे.

यातल्या तीन गोष्टींत तडजोड नाही.

पहिली आट्यांची लांबी. लांब आट्यांच्या जागी आखूड प्लग बसवला तर हेडच्या उरलेल्या आट्यांत कार्बन भरतो, आणि पुढच्या वेळी बरोबर प्लगही आत जात नाही. आखूडच्या जागी लांब बसवला तर तो थेट पिस्टनवर आपटू शकतो. दोन्ही प्लग हातात घेऊन शेजारी शेजारी धरले की फरक दिसतो. बसवण्याआधी एवढं कराच.

दुसरी गोष्ट उष्णतेचा नंबर, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. प्लगचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच त्यावरचा कार्बन जळून साफ होतो. तेच साडेआठशेच्या पलीकडे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं आणि पिस्टनला धोका होतो. या दोन हद्दींच्या मध्ये टोक राहावं म्हणून गरम (टोकाची उष्णता धरून ठेवणारे) आणि थंड (ती लवकर सोडणारे) असे प्लग बनवतात. एनजीकेत नंबर मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, नंबर मोठा तितका गरम. म्हणून एनजीकेच्या 6 च्या जागी बॉशचा 6 चालत नाही. बीपीआर6ईएसची बॉशमधली जोडी आहे डब्ल्यूआर7डीसी, आणि बीपीआर5ईएसची डब्ल्यूआर8डीसी. बॉशचा प्लग आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘मायको’ नावाने विकला गेला, त्यामुळे जुना दुकानदार अजून मायको म्हणेल. माल तोच, नंबराची उलटी रीतही तीच.

काही मिस्त्री जुन्या, थोडं ऑइल खाणाऱ्या इंजिनला एक नंबर गरम प्लग सुचवतात, म्हणजे तो काळा पडत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला त्याने तात्पुरता आराम पडतो, हे खरं. पण आपल्याकडे कुठूनही वर देशावर जायचं म्हटलं की कुंभार्ली, आंबा नाहीतर आंबोली घाट आहेच, आणि भरलेल्या गाडीने मे महिन्यात घाट चढताना तोच गरम प्लग इंजिनचा घात करू शकतो. मी तरी पुस्तकातला नंबर सोडायला सांगणार नाही. ऑइल खाणारं इंजिन प्लगने बरं होत नसतं.

तिसरी गोष्ट रेझिस्टर. एमपीएफआय गाडीत आर असलेलाच प्लग हवा, नाहीतर ठिणगीचा उपद्रव गाडीच्या कॉम्प्युटरला होतो. पॉइंटवर, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कावर, चालणाऱ्या पद्मिनीत आर नसला तरी गाडी चालते, फार तर रेडिओत खरखर येते.

आता इरिडियम आणि प्लॅटिनम. दुकानदार कौतुकाने दाखवतो, लाखभर किलोमीटर बघायला नको म्हणतो. नव्या गाडीत, खोलवर बसवलेल्या प्लगांसाठी ते योग्य आहेत. किनाऱ्यावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत मात्र मी साधाच प्लग घ्यायला सांगेन. ‘बघायला नको’ हीच तर इथली खरी अडचण आहे. जो प्लग वर्षानुवर्षं कुणी काढत नाही, तोच खाऱ्या हवेत आट्यांना चिकटतो. शिवाय जुन्या कार्बोरेटरचं रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण आणि थोडंफार ऑइल महागड्या प्लगलाही तितकंच काळं करतं.

पूर्ण सेट एकाच वेळी, एकाच नंबराचा घ्या आणि एक जास्तीचा घ्या. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळसारख्या ठिकाणी पार्ट्सची जी जुनी, नाव असलेली दुकानं आहेत तिथूनच घ्या, कारण नकली प्लग बाजारात आहेत. डोळ्यांनी ओळखायच्या खुणा: छपाई पुसट नसावी, आटे गुळगुळीत आणि सारखे असावेत, वॉशर अंगावरून सहज गळून पडू नये, आणि मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर असावा.

हत्यारं

प्लग पाना योग्य मापाचा हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांना 21 मिलिमीटरचा लागतो, नंतरच्या अनेक गाड्यांना 16 चा. आत रबर असलेलाच घ्या, म्हणजे प्लग त्यात धरला जातो आणि चिनी मातीला तडा जात नाही. त्याशिवाय फट मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज, जुना टूथब्रश, कोरडं सुती फडकं, सायकलचा पंप, वायरींना नंबर टाकायला चिकटपट्टी, आणि पेट्रोल पाइपचा किंवा तसल्याच रबरी नळीचा वीतभर तुकडा. हा तुकडा कशासाठी ते पुढे येईल. टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

प्लग काढताना

इंजिन थंड असताना काम करा. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग काढला तर आटे खराब होतात. रात्रभर उभी असलेली गाडी आणि मे महिन्यातली सकाळची वेळ सगळ्यात चांगली. ऊन चढायच्या आत होऊन जातं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

वायरींना चिकटपट्टीने 1, 2, 3 असे नंबर टाका आणि तरीही एका वेळी एकच वायर काढा. मारुती 800 मध्ये ठिणगीचा क्रम 1-3-2 आहे, पद्मिनीत 1-3-4-2. वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी नुसती चालू होत नाही असं नाही, कार्बोरेटरमधून भडका मारते. वायर ओढताना वायरीला धरू नका. टोकाचं रबर पकडा, थोडं पिळा, मग सरळ ओढा.

आता घाई न करता प्लगच्या भोवतीची जागा साफ करा. ही पायरी लोक गाळतात, आणि आपल्याकडे तीच गाळून चालत नाही. जांभ्या दगडाची तांबडी धूळ प्लगच्या खळग्यात इंचभर साचलेली असते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन-रिंगांना घासत राहते. आधी टूथब्रशने मोकळी करा, मग सायकलच्या पंपाने फुंकून काढा. डोळे मिटून किंवा चष्मा लावून. 16 वॉल्व्हच्या इंजिनांत प्लग खोल विहिरीत असतो. तिथे पाणी दिसलं तर फडक्याने टिपून घ्या. ऑइल दिसलं तर दोष प्लगचा नाही, वरच्या कव्हरचं सील गेलेलं आहे. ते आधी बदलून घ्या.

पाना पूर्ण खोल, सरळ बसवा. तिरका बसला तर चिनी माती फुटते. डावीकडे फिरवा. पहिला झटका लागतो, त्यानंतर प्लग हाताने फिरण्याइतका सैल व्हायला हवा.

तो तसा होत नसेल, करकर आवाज येत असेल, तर थांबा. जोर वाढवायचा मोह हाच आटे जाण्याचा क्षण असतो. प्लग अर्धा फेरा परत घट्ट करा, मुळाशी डब्ल्यूडी-40 सारखं गंज सैल करणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल, असं मागेपुढे करत काढा. सुटलेली भुकटी तेलाबरोबर बाहेर येते. तरीही अडला तर इंजिन जेमतेम कोमट करून पुन्हा तेल सोडा. त्यानेही नाही झालं तर अनुभवी मिस्त्रीला बोलवा. शाबूत आट्यांवर तो अर्ध्या तासात काम उरकेल. तुटलेल्या प्लगवर त्याला दोन दिवस घालवावे लागतील.

निघालेले प्लग एका फळीवर क्रमाने ठेवा. पहिल्या सिलिंडरचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा.

प्लग वाचा

प्लगचं टोक म्हणजे त्या सिलिंडरचा दाखला. पण तो खरा वाचायचा तर आदल्या दिवशी गाडी दहा-वीस किलोमीटर, शक्यतो एखादा चढ घेऊन, चालवून आणा. अंगणात दहा मिनिटं नुसती चालू ठेवलेल्या कुठल्याही जुन्या गाडीचा प्लग काळाच दिसतो.

फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडा, मऊ, काजळीसारखा काळा म्हणजे मिश्रण रिच: चोकची झडप पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर धुळीने भरलाय, नाहीतर गाडी फक्त जवळच्या जवळ फिरते. ओला, चकचकीत काळा आणि बोटाला तेलकट लागणारा म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगांमधून किंवा वॉल्व्ह सीलमधून. सगळ्या प्लगमध्ये एकच असा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. ओला पण पेट्रोलचा वास येणारा म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. प्लग मेलाय किंवा वायर. पांढराफटक, वर बारीक फोड आलेले असं दिसलं तर इंजिन तापतंय, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे किंवा नंबर चुकलाय. ही खूण दिसल्यावर घाट चढू नका.

एक लक्षात ठेवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्बोरेटर स्वतः जुळवून घेत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं लीन पडतं आणि प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतात. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, पण गाडी चढावर खडखडायला लागली तर कार्बोरेटर आणि ठिणगीचं टायमिंग जमवून घ्या. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

टोकाबरोबर प्लगचं बाहेरचं पांढरं अंगही तपासा. त्यावर उभी काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी, दिसली तर करंट आतून जायच्या ऐवजी बाहेरून हेडवर उडी मारतोय. किनाऱ्यावर हे फार होतं. खारट ओलीचा पातळ थर चिनी मातीवर बसतो आणि करंटला वाट देतो. असा प्लग बदला, आणि त्या वायरीचं टोकाचं रबरही बदला, कारण तीच रेघ रबराच्या आतही उमटलेली असते.

फट, आणि ती इथे एवढी महत्त्वाची का

चालून चालून इलेक्ट्रोड झिजतात आणि फट वाढते. फट वाढली की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल ते देते, दहा-वीस हजार व्होल्टच्याही वर चढते. कोरड्या हवेत हे खपून जातं. पण रत्नागिरीसारख्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात वायरी, डेल्कोची टोपी, रबरं सगळंच ओलसर असतं. बागेच्या पाटाला पुढे दगड आडवा आला की पाणी बांधाच्या कच्च्या जागेतून फुटतं, तसा हा करंट सगळ्यात कमजोर जागेतून निसटतो. मग जुलैच्या सकाळी सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. वाढलेली फट हे त्या सकाळचं निम्मं कारण असतं.

पॉइंटवर चालणाऱ्या गाड्यांत फट साधारण 0.6 ते 0.8 मिलिमीटर असते, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत 0.8 ते 1.1. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकातला. फिलर गेजची पाती फटीतून किंचित घासत सरकली पाहिजे. कमी-जास्त करायची तर फक्त बाहेरचा, वाकलेला इलेक्ट्रोड हलवा. मधल्याला टेकू देऊन वाकवलंत तर चिनी माती आतून तडकते आणि ते दिसतही नाही. नव्या प्लगचीही फट मोजा. खोक्यात आपटून ती बदललेली असू शकते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दिलेल्या आकड्यांपैकी खालचा धरा आणि तपासणी जास्त वेळा करा.

जुना प्लग परत बसवायचा असेल तर ब्रशने आणि पेट्रोलच्या थेंबाने साफ करून पूर्ण वाळवा. पॉलिश पेपरने टोक घासू नका, त्याचे कण मागे राहतात. इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा टाका.

बसवताना

आता तो रबरी नळीचा तुकडा घ्या. प्लगच्या वरच्या टोकावर नळी बसवा, तिच्या आधाराने प्लग छिद्रात सोडा आणि नळीच फिरवा. आटे बरोबर जुळले तर प्लग सहज आत जातो. तिरपे बसले तर नळी हातात गरगर फिरते, प्लग फिरत नाही. पान्याने सुरुवात केली तर ही सूचना मिळत नाही, पाना तिरपा प्लगही रेटून आत घालतो. आधी एकदा डावीकडे उलटा फिरवा, आटे टक्क करून बसल्याचं बोटांना कळतं, मग उजवीकडे.

हाताने फिरायचा थांबला, म्हणजे वॉशर टेकला, की पाना लावा. नवा, वॉशरवाला 14 मिलिमीटरचा प्लग असेल तर तिथून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, एवढंच. जुना असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरतो, म्हणजे घड्याळातल्या एका तासाइतकं अंतर. वॉशर नसलेला, निमुळत्या बुडाचा प्लग असेल तर त्याहूनही कमी, फेऱ्याचा सोळावा भाग. टॉर्क पाना असलेल्यांसाठी वॉशरवाल्या 14 मिलिमीटर प्लगचा आकडा साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर. पान्याला पाइप जोडून आवळणारा कुणी भेटला तर त्याच्या हातून पाना काढून घ्या.

आट्यांना ग्रीस लावावं का? मी नको म्हणतो. आजच्या चांगल्या प्लगवर गंजू नये म्हणून मुलामा असतोच, आणि त्यावर काही लावू नका असं एनजीके स्वतः सांगते. ग्रीसमुळे पाना हलका लागतो, नकळत जास्त आवळलं जातं आणि आटे ताणले जातात. वर्षातून दोनदा प्लग काढणं हाच जाम न होण्याचा उपाय आहे. वायरीच्या रबराच्या आत मात्र सिलिकॉन ग्रीसचं बोट जरूर फिरवा. ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही.

वायर टक्क आवाज होईपर्यंत दाबा. पुढच्या प्लगकडे जा.

वायरी आणि डेल्को तसेच सोडू नका

प्लग नवे आणि वायरी फुटक्या, तर पैसे वाया. अंधार पडल्यावर बोनेट उघडून गाडी चालू करा आणि लांबून बघा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर सेट बदला. चालू इंजिनच्या वायरींना हात लावू नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने जवळही जाऊ नये. कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते शोधायला चालू गाडीची एकेक वायर उपटायची जुनी रीत एमपीएफआय गाडीत तर अजिबात वापरू नका. कॉइल आणि कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

डेल्कोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. केसाएवढा तडा किंवा काळी रेघ असेल तर टोपी आणि आतला फिरता रोटर दोन्ही बदला. पावसात गाडी अडली तर बहुतेक वेळा प्लग काढायचीही गरज नसते: टोपी, वायरी, कॉइलचं तोंड पुसून कोरडं केलं की चालू होते. सेल्फ मारून मारून पेट्रोल जास्त झालं असेल तर एक्सलेटर पूर्ण दाबून धरा, पंप न करता, आणि सेल्फ मारा.

चाकरमान्यांच्या गाड्या

गावच्या घरी ठेवून मुंबईला गेलेल्यांच्या गाड्या गणपतीलाच उघडतात. शेजाऱ्याला ‘आठवड्यातून पाच मिनिटं चालू करत जा’ असं सांगून जाऊ नका. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, आत पाण्याचा अंश धरतो आणि प्लग काळे पडतात. चालू करायची तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी, नाहीतर बॅटरीची वायर काढून तशीच ठेवावी. आल्यावर सेल्फ मारण्याआधी बोनेट उघडा. उंदीर वायरी कुरतडतात आणि इंजिनवर गवत-कापडाचं घरटं करतात, ते पेट घेऊ शकतं.

पुरात बुडालेली गाडी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचा सेल्फ मारून बघायचा नसतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी बॅटरी सोडा. मग सगळे प्लग काढा. ऑइलची पट्टी बघा. दुधी कॉफीसारखा रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, ते आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. एअर फिल्टर काढून फेका. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या छिद्रांतून पाणी उडेल, तोंड तिकडे नेऊ नका. पाणी यायचं थांबलं की प्रत्येक छिद्रात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, पुन्हा फिरवा, म्हणजे सिलिंडर गंजत नाहीत. सगळं वाळवून नवे प्लग टाका. हे पहिल्या दोन दिवसांत केलं तर इंजिन वाचायची चांगली शक्यता असते; आठवडाभर तसंच राहिलं तर रिंगा धरतात. खाडीचं पाणी असेल तर त्याच दिवशी हात घाला.

काम झाल्यावर तारीख, प्लगचा नंबर आणि फट एका कागदावर लिहून तो बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढचा मिस्त्री आणि गाडीचा पुढचा मालक दोघांच्या उपयोगाचा आहे. जुन्यातला सगळ्यात चांगला प्लग पुसून, जास्तीच्या नव्या प्लगबरोबर आणि पान्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवा. आंबा घाटात रात्री एक सिलिंडर बंद पडला तर तिथे दुकान मिळणार नाही.